कासवाचा पत्ता

अमरावतीहून यवतमाळकडे निघालेली एस्. टी. नेरच्या स्थानकात शिरली, की प्रवासी चहा घेतात, पाय मोकळे करतात आणि पुन्हा आपापल्या जागेवर येऊन बसतात. मुद्दाम नेर पाहायला म्हणून उतरणारा माणूस विरळा. तिथे पाहण्यासारखे काय आहे, असे विचारले, तर नेरकरसुद्धा क्षणभर डोके खाजवील. जुन्या माणसांच्या तोंडी हे नेर परसोपंत. भोवती काळी जमीन. तीत कपाशी, तूर, सोयाबीन. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटू लागतो, सकाळी हवेत थोडा गारवा येतो, आणि तेव्हा माझे पाय तिकडे वळतात. मी जातो तो कासवांचे फोटो काढायला!

गावापासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर एक तळे आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे येईलच. पाळीवर बाभळी आहेत, काठाला बेशरमाची झुडपे माजली आहेत. सांड्व्याजवळ चार-पाच काळे दगड पाण्याबाहेर डोके काढून असतात. ऊन वर आले, की त्यांतला एखादा दगड हलतो. हलला, की समजावे, तो दगड नव्हे.

पहिल्या खेपेला मी भलताच उतावळा होतो. मासे धरणाऱ्या एका पोराच्या जाळ्यात कासव आले होते. मी त्याला ते गवतावर ठेवायला लावले आणि पुढून, मागून, वरून असे पाऊण तास फोटो काढले. घरी येऊन पाहतो, तर सगळ्या फोटोंत एक उपडे ताट! डोके नाही, पाय नाहीत. हे आपल्या तळ्यांत आढळणारे मऊ पाठीचे कासव. त्याच्या पोटाकडच्या कवचाला मागच्या बाजूस दोन कातडी झडपा असतात. भ्याले, की ते पाय आत ओढते आणि झडपा लावून घेते. मी पाऊण तास एका बंद दारापुढे उभा होतो, आणि दार बंद करायला लावणाराही मीच होतो. शेवटी पोरानेच ते उचलून पाण्यात सोडले, तेव्हा मला बरे वाटले खरे. पण लाजही वाटली.

पुढच्या वर्षी पाळीवर एक म्हातारा शेळ्या राखीत बसला होता. मी गुडघाभर गवतातून कॅमेरा सांभाळीत चाललो होतो. तो म्हणाला, “काऊन जी भाऊ, काय पाहून रायले?”

“कासव, बाबाजी.”

“मंग असे फिरू नोका. दगडावानी बसा. दगडाले कोनी भेत नाही.”

फोटोग्राफीवर मी पुष्कळ वाचले आहे. पण याहून उपयोगी वाक्य मला भेटलेले नाही. मी बसलो. अर्ध्या तासाने खंड्या माझ्यापासून दहा हातांवर सूर मारून गेला. वंचक चिखलात उभा होता, तो उडाला तेव्हाच पांढरा दिसला. मुंगूस पाळीवरून सावकाश चालत आले आणि मला पाहून न पाहिल्यासारखे करून निघून गेले. तासाभराने पाण्यावर एक नाकाडे वर आले, श्वास घेऊन बुडाले, पुन्हा वर आले. मग कासव दगडावर चढले. मान लांब केली, मागचा एक पाय ताणला आणि उन्हात डोळे मिटले. मी पालथा पडून, कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणून फोटो काढला. तीनच काढले. पण त्यांत कासव होते.

मग ह्या बसण्याचे व्यसनच लागले. एकदा तुरीच्या धुऱ्यावर रोह्यांचा कळप दिसला. निळसर नर मान उंचावून उभा. मी हरखून गेलो. शेजारचा शेतकरी मात्र तुडवलेल्या तुरीकडे पाहत होता. त्याला तो फोटो दाखवायचे धैर्य मला झाले नाही. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट पाहिले. २००० साली जाहीर झालेले हे अभयारण्य जेमतेम अठरा चौरस किलोमीटरचे. पण तिथे राखणदार आहेत. तळ्याला राखणदार कोण?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका लग्नघरी. मी हौसेने तो कासवाचा फोटो दाखवीत होतो. एक अनोळखी गृहस्थ जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “नखे किती हो याला? वीस आहेत का? कुठे सापडले?”

वीस नखांचे कासव घरात असले, की पैशाचा पाऊस पडतो, असा एक खुळा समज आहे. त्यापायी कासवांची चोरटी विक्री चालते. खरे म्हणजे ह्या मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, अशी सगळी मिळून बाराच नखे. पण बारा मोजायलासुद्धा आधी ते धरावे लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते धरणे आणि विकणे गुन्हा आहे. पण कायदा काही पाळीवर बसलेला नसतो. मी गृहस्थांना म्हटले, “आठवत नाही.” त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले, की फोटो हा नुसता फोटो नसतो, तो पत्ताही असतो. हल्ली तर मोबाईलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जाऊ शकतात.

पत्ता कळणे नेहमीच वाईट, असे मात्र नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली सागरी कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. दूरदूरची माणसे येतात, पिल्ले समुद्राकडे धावताना पाहतात, फोटो काढतात. तिथला पत्ता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि तरी घरटी राहतात. कारण गावच राखण करते.

संतांनी म्हटले आहे, की कासवी पिलांना नुसत्या दृष्टीने पोसते. प्राणिशास्त्र सांगते, की ती अंडी मातीत पुरते आणि निघून जाते; पिलांकडे वळूनही पाहत नाही. तेव्हा ती पोसणारी दृष्टी कासवीकडे नसेल, तर ती आता आपल्यालाच आणावी लागेल.

गेल्या दिवाळीत त्या फोटोची एक प्रत मी म्हाताऱ्याला नेऊन दिली. त्याने ती दूर धरून, मग जवळ धरून पाहिली. “दगडच हाये हा,” तो म्हणाला आणि हसला. फोटोच्या पाठीमागे तारीख आणि ठिकाण लिहायची माझी जुनी सवय. त्याच्या प्रतीवर मी दोन्ही लिहिली. माझ्या प्रतीवर तेवढी तारीख आहे.