पासबुक माझ्या कपाटात होतं

आमच्या बचत गटात बारा जणी. बहुतेकींचं पोट अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर चालतं. वज्रेश्वरीला नवस फेडायला आलेली माणसं अंघोळीला इकडे उतरतात. त्यांना कुणी नारळ आणि ओटीचं सामान विकतं, कुणी चहा-भजी. चैत्र अमावस्येच्या यात्रेला जे हाती येतं, त्यावर पुढचा पावसाळा काढायचा असतो. म्हणून यात्रेच्या आधी प्रत्येकीला भांडवल हवं असतं.

मी सलग सात वर्षं या गटाची अध्यक्ष होते. दर काही काळानं पदाधिकारी बदलायचे, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. विषय निघाला की मी म्हणायची, "घ्या की कुणीतरी, मी कुठे नाही म्हणते?" आणि बँकेच्या फेऱ्या, फॉर्म, सह्या, साहेबांची बोलणी असा सगळा पाढा वाचायची. ऐकूनच बाया मागे सरायच्या. ते अवघड वाटावं म्हणूनच मी तसं सांगत होते.

गटाच्या पैशातला एक रुपया मी खाल्ला नाही. एवढ्यावरच मी स्वतःला स्वच्छ समजत राहिले.

त्या वर्षी यात्रेआधी एका वहिनींनी दहा हजार मागितले. मला आधी माझ्या जावेला द्यायचे होते. बैठकीच्या दोन दिवस आधी मी चार घरी जाऊन आले. कुणाला म्हटलं, "पुढच्या महिन्यात तुझं नाव घेते." कुणाला तिच्या थकलेल्या हप्त्याची आठवण दिली, आवाज न चढवता. बैठकीत मत विचारायला सुरुवात केली ती सर्वांत वयस्कर काकूंपासून. त्या "ताई म्हणतात तसं करा" म्हणणार, हे ठाऊक होतं. त्यांच्यानंतर वेगळं कोण बोलणार?

वहिनी मात्र बोलल्या. "ताई, शिल्लक किती आहे ते जरा बघू द्या ना."

पासबुक माझ्या घरी, कपाटात होतं. मी म्हटलं, "सात वर्षं राबतेय, वहिनी. एवढाच विश्वास का माझ्यावर?" आणि वर जोडलं, "बँकेचे साहेबच म्हणालेत, एका वेळी एकच मोठं कर्ज द्या." साहेब असं काही म्हणाले नव्हते. शिल्लक दोघींना पुरली असती, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

शेजारणीनं त्यांचा पदर ओढला, "जाऊ दे गं." वहिनी खाली बघत चटईची सुटलेली काडी बोटानं आत खोचत राहिल्या. ती परत परत वर येत होती. मी रजिस्टर पुढे केलं, सगळ्यांनी सह्या केल्या, वहिनींनीसुद्धा. ठराव मी नंतर घरी बसून लिहिला.

पुढे मुलगी बीएमएसच्या परीक्षेचा अभ्यास मोठ्यानं वाचत होती. फ्रेंच आणि रेव्हन या दोघांनी 1959 साली सत्तेचे पाच आधार मांडले: पद, बक्षीस, शिक्षा, ज्ञान आणि माणसाबद्दलची ओढ. 1965 मध्ये रेव्हननं सहावा जोडला, तो माहितीचा. मी भाकऱ्या करत होते. सहावा ऐकला आणि हात थांबला. तो आधार माझ्या कपाटात होता. माझ्या मते आपल्याकडे आणखी एक आहे, भीड. तोंडावर नाही म्हणता न येणं. मी सर्वांत जास्त तीच वापरली, आणि तिला एकमत समजले.

रात्री जुनं रजिस्टर काढलं. सात वर्षांच्या प्रत्येक ठरावाखाली "सर्वानुमते मंजूर". बारा बायांचं सात वर्षांत एकदाही दुमत होत नाही? बचत गटांच्या पंचसूत्रीतली बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब ही पाचही कलमं आमची कागदावर चोख होती. म्हणून तपासायला येणाऱ्यालाही काही खटकलं नाही.

पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं, साहेबांच्या नावावर खपवलेल्या खोट्यासकट. कुणी रागावलं नाही. काकू एवढंच म्हणाल्या, "आम्हाला कळत होतं गं." ते मला रागापेक्षा जास्त लागलं. अध्यक्षपद सोडलं. आता बैठक सुरू होताच पासबुक सगळ्यांच्या हातून फिरतं, शिल्लक मोठ्यानं वाचतात आणि मत आधी सर्वांत धाकटीला विचारतात. बैठका लांबतात, भांडणं होतात. परवा एक कर्ज दोन बैठका अडलं. होऊ देत.

मी कबुली दिली त्या बैठकीला वहिनी नव्हत्या. त्यांनी आधीच गट सोडला होता. नाबार्डनं 1992 साली बचत गट बँकांना जोडायला घेतले, ते तारण नसलेल्या बाईला सावकाराचं दार चढावं लागू नये म्हणून. वहिनींनी त्या यात्रेसाठी एका फायनान्सवाल्याकडून आठवड्याच्या हप्त्यानं पैसे उचलले. मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, "बसा ताई" म्हणाल्या. गटात परत आल्या नाहीत. तो हप्ता अजून चालू आहे.