माहेरची पदं

गुरुवारी स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नामजप, आरत्या, तारकमंत्र असे सगळे आवाज एकमेकांत मिसळून जातात. अक्कलकोटच्या कानाला ही दाटी सवयीची. त्यातूनही माझ्या मनात सतत वाजत असतं ते आशा भोसले यांनी गायलेलं ‘शूरा मी वंदिले’.

हा तोच गळा, ज्यानं १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ गायलं. संगीतकार सी. रामचंद्रांनी रॉक अँड रोलचा ठेका धरला आणि आशाताई त्यावर बेभान खेळल्या. नाट्यपदं मात्र पार वेगळ्या जगातली. ‘शूरा मी वंदिले’ ज्यातलं, ते ‘मानापमान’ नाटक १९११ चं, पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. मायक्रोफोन नव्हता, पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकावा लागे. आशाताईंचे वडील मास्टर दीनानाथ यांचा आवाज त्यासाठीच घडलेला, उंच पट्टीचा, तानेत वीज असलेला. १९४२ साली ते गेले तेव्हा आशाताईंना नववंही पुरं झालं नव्हतं. पुढच्याच वर्षी ‘माझं बाळ’पासून त्या सिनेमासाठी गाऊ लागल्या.

आपल्या वाटेवरून जुन्या गाण्यांकडे वळणारे इतरही आहेत. रॉक गायक रॉड स्टुअर्टनं २००२ मध्ये रॉक बाजूला ठेवून आधीच्या पिढीची अमेरिकन गाणी ध्वनिमुद्रित केली. जुन्या गाण्यांवर प्रेम करणारा गायक होता तो. आशाताईंचं मात्र नाट्यपदं हे माहेर होतं.

तरी त्यांनी वडिलांची नक्कल केली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ताना आहेत, पण ओळीचा अर्थ कुठेही हरवत नाही. स्टुडिओत मायक्रोफोनजवळ उभं राहून त्या जे शिकल्या, शब्द अलगद सोडायचा, श्वास लपवायचा, तीन मिनिटांत भाव पोचवायचा, ते सगळं त्यांनी या पदांना दिलं. दीनानाथ ललकारतात; आशाताई त्याच वीररसात जिव्हाळा मिसळतात. मला दोन्ही हवेत. पण पदातल्या वंदनाचा भाव मला आशाताईंनीच उलगडून दाखवला.

आमच्या या सीमेवरच्या गावात अनेक घरांत कानडी बोलतात, आणि संगीत नाटककार किर्लोस्करांनीही कानडी चालींवर पदं बांधली होती. शेजारच्या कानडी आज्जींना शब्द पुरते कळत नाहीत, पण पद सुरू झालं की त्या निवडायला घेतलेली भाजी मांडीवर ठेवून ऐकतात. संपलं की ‘इन्नोम्मे’ म्हणतात, पुन्हा एकदा, आणि मी पुन्हा लावते.