वकीलपत्र

सोलापूरच्या स्टँडवरून सांगोल्याची एसटी धरली की माझी नजर आधी आमदारांसाठी राखीव असलेल्या आसनाकडे जाते. बहुतेक वेळा तिथं एखादी आजी मांडीवर पिशवी घेऊन बसलेली असते, आणि तिला कुणी उठवत नाही. त्या आसनावर खरोखर बसून प्रवास करणारा आमदार आमच्या जिल्ह्याला लाभला होता. अ‍ॅडव्होकेट गणपतराव देशमुख. सगळ्या तालुक्याचे आबा.

माझं आजोळ तिकडचं. मंगळवेढ्याची काळी रानं मागं पडली की मुरमाड माळ सुरू होतो आणि माण नदी लागते, बहुतेक वर्षं नुसती वाळूची. लहानपणी आजी आम्हाला परातीत बसवून आंघोळ घालायची. परातीतलं ते पाणी मग शेवग्याच्या बुंध्याला जायचं. शेवग्याला पाणी मिळावं म्हणून आम्ही आंघोळ करतो, असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

त्या मुलखात मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा एक तरुण वकील आला. शेतकरी कामगार पक्षाकडून 1962 साली तो विधानसभेत गेला आणि 2019 मध्ये स्वतःहून थांबेपर्यंत 11 वेळा निवडून आला. दोनदा हरला, 1972 ला आणि 1995 ला. दुसऱ्या खेपेला अवघ्या 192 मतांनी. आबा 1977 मध्ये विरोधी पक्षनेते होते, पुढे मंत्रीही झाले. राज्यात पक्ष आकसत गेला, बरोबरीचे कितीजण दुसरीकडे गेले. आबा त्याच लाल झेंड्याखाली राहिले, आणि सभागृहात त्या पक्षाचा आवाज म्हणजे आबा, असं होऊन बसलं.

पक्ष आणि पक्षकार हे शब्द आपल्या भाषेत एकाच मुळावर फुटले आहेत. राजकारणात गेलेल्या वकिलांकडे पाहताना मला हे हटकून आठवतं. पक्ष मिळाला की पक्षकार विसरणारे फार. आबांनी काळा कोट उतरवला, पण दुष्काळी माणसाचं वकीलपत्र घेतलं होतं ते शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. दावा एकच, पाण्याचा. कृष्णेचं पाणी कराडजवळच्या टेंभूपासून टप्प्याटप्प्यानं उपसून माणदेशाच्या माळावर आणायचं. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा झाल्या, ठराव झाले, मोर्चे निघाले. दाव्याला तारखांवर तारखा पडल्या. मंजुरी, निधी, कालवा, पुन्हा निधी. पक्षकारांच्या दोन पिढ्या तारखेची वाट बघत गेल्या. माझी आजी त्यांतलीच.

आणि सूतगिरणी. इकडे सोलापुरात लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले, कामगारांची पोरं पुण्याची गाडी धरू लागली. तिकडे त्या कोरड्या तालुक्यात शेतकऱ्यांच्या सहकारी गिरणीत चात्या फिरत होत्या. गिरणगावात वाढलेल्या मला याचं मोल कळतं.

आता आजीच्या रानात डाळिंब आहे. मामा वाकून ठिबकची नळी अंगठ्यानं चाचपतो, चिखलानं बुजलेलं भोक नखानं मोकळं करतो आणि थेंब पडेपर्यंत तिथंच उकिडवा बसून राहतो. त्या थेंबात कितीजणांचा घाम आहे हे तो बोलून दाखवत नाही. निवडणूक आली की मात्र घरातला प्रत्येक माणूस मतदानाला गेला की नाही, हे दुपारपर्यंत तीनदा विचारायचा.

30 जुलै 2021 च्या रात्री आबा सोलापुरातल्याच एका रुग्णालयात गेले. वय चौऱ्याण्णवच्या घरात. बातमी कळली तेव्हा मी मामाला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. उचलला तेव्हा तो रानातच होता.

"आबा गेलं गं," एवढंच म्हणाला. मग दोघंही गप्प. मागं मोटारीची घरघर ऐकू येत होती.

"पाणी सोडलंयस?" मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला, "लाईट हाय तवर."

मग कितीतरी वेळ आम्ही दोघं फोन न ठेवता ती मोटार ऐकत राहिलो.