तोतया आणि आपलं माणूस

आमच्या घरात फोनवर नाव सांगायची पद्धत नाही. पलीकडून "अगं, मी बोलतेय" एवढंच येतं आणि त्या 'मी'मध्ये मावशी सगळीच्या सगळी असते. तिचा मध्येच अडखळणारा श्वास, शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा सूर, मागे वाजणारी कुकरची शिट्टी. मी काही जुळवून पाहत नाही, ताडून पाहत नाही. नाव मनात उमटायच्या आधी माणूस पोचलेलं असतं. या क्षणाचं मला लहानपणापासून अप्रूप आहे.

कधी कधी हा क्षण अर्ध्यावर अडतो. एसटीत समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसलेले असतात. चेहरा नक्की पाहिलेला आहे, पण कुठे? लग्नात, शाळेत, दवाखान्यात? दोन थांबे मागे पडतात आणि अचानक त्यांच्यामागे औषधांच्या बाटल्यांची फळी उभी राहते. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाले! जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली अगदी असंच उदाहरण दिलं होतं. त्याच्या उदाहरणात बसमध्ये खाटीक भेटतो. ओळखण्यात दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात, असं त्याचं म्हणणं. एक, परिचयाची जाणीव. ती झटकन येते आणि कारण सांगत नाही. दुसरी, आठवण. ती प्रसंग, जागा, नाव घेऊन मागून येते. त्या दोघींच्या मधल्या थोड्याशा अवकाशात मला रेंगाळायला आवडतं. समोरचं माणूस तिथे अजून कुणीच नसतं, तरी परकं नसतं.

आठवण पुसून गेली तरी ही जाणीव कुठेतरी तग धरते. जिनेव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एका रुग्ण बाईची हकिकत लिहिली. तिला नवं काही लक्षात राहत नसे. रोज भेटणारे डॉक्टरही तिला रोज नवे. एकदा क्लापारेद यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. पुढे त्यांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा तिने आपला मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. वाचताना त्या टाचणीचा मला राग आला, आणि त्या हाताविषयी अपार माया वाटली. बाईंना जे माहीत नव्हतं, ते हाताला माहीत होतं.

याच्या उलट दिशेला जे घडतं ते फार भयाण आहे. १९२३ साली फ्रान्समधले मनोविकारतज्ज्ञ जोसेफ कापग्रा आणि त्यांचे सहकारी रबूल-लाशो यांनी एका स्त्रीचं वर्णन केलं. तिच्या मते तिच्या नवऱ्याच्या जागी हुबेहूब त्याच्यासारखा दुसराच कुणी येऊन राहिला होता. नाक तेच, डोळे तेच, आवाज तोच. पण हा तो नव्हे. पुढच्या संशोधकांनी याचं एक उत्तर सुचवलं. चेहरा ओळखणारी वाट शाबूत असते, पण चेहरा दिसताच आतून जी ऊब उसळायला हवी ती उसळत नाही. जवळच्या माणसाचा चेहरा पाहिला की आपल्या त्वचेवर घामाचा अगदी सूक्ष्म फरक पडतो आणि तो मोजता येतो. या रुग्णांत तो जवळजवळ पडतच नाही. खुणा सगळ्या पटतात, जिव्हाळा येत नाही, आणि मग बुद्धी निकाल देते: तोतया. मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांच्या अशाच एका रुग्णाला समोर बसलेले वडील तोतये वाटत, पण फोनवर तेच वडील खरे वाटत. मला लगेच मावशीचा 'मी' आठवला. एक वाट बंद झाली तरी दुसरी उघडी होती.

चेहरे ओळखण्याची शक्तीच गमावलेली माणसंही असतात. त्यांना बायकोचा चेहरा परका दिसतो. तरी त्यांच्यापैकी काहींच्या त्वचेवर आपल्या माणसासमोर तो सूक्ष्म फरक उमटतो, हे १९८०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. खूण हरवली, ऊब राहिली.

मराठी माणसाला 'तोतया' म्हटलं की पानिपत आठवतं. १४ जानेवारी १७६१च्या त्या रणात मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ पडले. काशीराज पंडितांच्या वृत्तांतानुसार त्यांचं शिराविना धड अंगावरच्या जुन्या खुणांवरून ओळखलं गेलं. म्हणजे खुणा होत्या. पण पुण्याला त्या पटेनात. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. पुढे कुणी एक जण 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. त्याला कैदेत टाकलं. १७७६ साली रत्नागिरीहून तो सुटला, कोकणात हजारो लोक त्याच्यामागे गेले, किल्ले त्याच्या हाती आले. शेवटी आंग्र्यांनी त्याला पकडलं आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. त्याच्यामागे गेलेल्यांत स्वार्थी अनेक असतील. पण सगळे नसावेत, असं मला वाटतं. घराघरातून कुणी ना कुणी पानिपताला गेलं होतं आणि परतलं नव्हतं. भाऊ जिवंत असतील, तर आपलाही येईल. ज्यांच्या मनात ऊब पंधरा वर्षं वाट पाहत बसली होती, त्यांनी ती समोर आलेल्या चेहऱ्यावर ओतली. कापग्राच्या रुग्णाला आपलं माणूस तोतया वाटलं. इथे तोतया आपलं माणूस वाटला.

ओळखीचा हा प्रश्न जुनाच. 'तोच हा देवदत्त' हे नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, आवडतं उदाहरण. पूर्वी पाहिलेला आणि आत्ता समोर असलेला एकच, असं एका दमात कळणं. बौद्धांनी त्यावर हरकत घेतली: दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, तुम्हाला फक्त सारखेपणामुळे तीच वाटते. शतकानुशतकं हा वाद रंगला. मला दोघांचंही म्हणणं हवंसं वाटतं. वीस वर्षांनी भेटलेली मैत्रीण तीच नसते, हे खरं. आणि तिला तीच मानल्यावाचून मिठी मारता येत नाही, हेही तितकंच खरं.

आता यंत्रं माणसाच्या आवाजाची नक्कल करू लागली आहेत आणि त्या आवाजात पैसे मागून लोकांना लुबाडलं जातं. "मी बोलतेय" एवढ्यावर भागायचे दिवस कदाचित सरतील. तरीही पहिली ऊब मी संशयाच्या हवाली करणार नाही. ती आली की येऊ द्यावी, आणि मग खूण विचारावी. लग्नघरात कुणी वृद्ध बाई हात धरून "ओळखलंस का?" विचारते, तेव्हा मी तो हात सोडत नाही आणि खोटं होही म्हणत नाही. "चेहरा आपला वाटतोय, नाव तुम्ही सांगा," म्हणते. ऊब माझ्याकडून, खूण तिच्याकडून. दोघींनी मिळून केलेली ओळखच मला पुरी वाटते.