चारित्र्य कुणाचे आणि ठरवणार कोण?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी मैदानाआधी एकच प्रश्न विचारतो. तुझ्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?

मुले दचकतात. त्यांच्या लेखी भरती म्हणजे धावणे. उंची १६५ सेंटिमीटर, छाती ७९ आणि फुगवून आणखी ५, मैदानी चाचणीचे ५० गुण, लेखीचे १००. दिघा, तुर्भे स्टोअरच्या वस्तीतल्या पोरांना हे तोंडपाठ असते. पण निवड यादीत नाव लागले की हातात येतो साक्षांकन नमुना. कधी अटक झाली का? खटला चालला का? दंड, शिक्षा झाली का? उत्तरे आपण लिहायची आणि ती खरी की खोटी हे आपल्याच हद्दीतले पोलीस ठाणे कळवणार. यालाच चारित्र्य पडताळणी म्हणतात.

आता २०१८ आठवा. १ जानेवारीला भीमा कोरेगावला अभिवादनासाठी गेलेल्या आपल्या बांधवांवर हल्ले झाले. पुढचे दोन दिवस समाज रस्त्यावर उतरला. चेंबूर, गोवंडीला हार्बर मार्ग विस्कळीत झाला, ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. मग धरपकड झाली. बेकायदा जमाव, रस्ता अडवणे, मनाई आदेशाचा भंग अशी कलमे लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचे सांगितले.

त्या बातमीचे कात्रण घेऊन एक मुलगा माझ्याकडे आला होता. आता रकान्यात ‘नाही’ लिहू ना, दादा? मी त्याला थांबवले. मंत्र्याने सांगितले म्हणून खटला संपत नाही. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ प्रमाणे सरकारी वकिलाने अर्ज करावा लागे आणि न्यायालयाने संमती द्यावी लागे. तो आदेश होईपर्यंत ठाण्याच्या दप्तरात तुम्ही आरोपीच असता. आणि खटला मागे घेतला तरी अटक झाली होती हे पुसले जात नाही.

आम्ही न्यायालयातून आदेशाची प्रमाणित प्रत काढली, रकान्यात ‘होय’ लिहिले आणि प्रत जोडली. फॉर्म घेणाऱ्या कारकुनाने वर न बघताच विचारले, “कोरेगावचा का?” कलम त्याने नंतर वाचले.

पोलीस स्वच्छच हवा, असे कुणी म्हणेल. मी तर ते सर्वांत मोठ्याने म्हणेन. वाईट पोलिसाची पहिली काठी आमच्याच पाठीवर पडते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात १० माणसे मारली गेली. त्या प्रकरणी २००९ मध्ये ज्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप ठोठावली, त्याचेही कागद खात्यात येताना तपासले गेलेच असतील. मग त्या कागदांना नेमके काय दिसले? खंडणी, बलात्कार, मारहाण यांचा आरोपी आणि बापाच्या वयाच्या माणसांवर दगड पडले म्हणून घोषणा देणारा पोरगा, हे दोघे एकाच रकान्यात कसे बसतात?

सर्वोच्च न्यायालयाने हा फरक ओळखला आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, २१ जुलै २०१६. माहिती दडवल्याचा विचार करताना तरुण वयात घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, असे त्यात म्हटले आहे. पण ‘करू शकतो’ म्हणजे मर्जी साहेबाची. आमचा आक्षेप या मर्जीला आहे.

बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३० मध्ये गोलमेज परिषदेत इंग्रजांना विचारले होते की, तुमच्या आधी आम्हाला पोलीस दलात प्रवेश नव्हता, तुमच्या राज्यात तरी आहे का? आज दार उघडे आहे, आरक्षण आहे. मग उंबरठ्यावर चळवळीचाच हिशेब का मागता?

म्हणून सरकारकडे मागणी दोनच. मागे घेतलेल्या प्रत्येक गुन्ह्याचा न्यायालयीन आदेश मिळवून ठाण्याचे दप्तर दुरुस्त करा. आणि आंदोलनाचे गुन्हे पडताळणीत वेगळे मोजण्याचा लेखी नियम करा. मागासवर्गीयांची वयोमर्यादा ३३ आहे. २०१८ ला जो पंचविशीत होता, त्याच्यासाठी वेळ संपत आली आहे.

आणि पोरांनो, काही दडवू नका. दडवलेले सापडले तर नोकरी जाते. त्या वेळी १८ च्या आत होतात, तर बाल न्याय कायद्याचे कलम २४ वकिलाकडून समजून घ्या. ‘होय’ लिहा, आदेश जोडा, पोच घ्या. अन्यायाविरुद्ध उभे राहिलो होतो, हे लिहायला हात का थरथरावा?

जयभीम!