चिवड्याला की कांदेपोह्यांना?

दसरा झाला की माझा फोन वाजायला लागतो. बहीण, मेहुणी, सोसायटीतल्या काकू, सगळ्यांचा प्रश्न एकच: "यंदा फराळाचं सामान कुठे स्वस्त?" मी विचारतो, "काय काय घ्यायचंय?" पलीकडे जरा वेळ शांतता. त्यांना एका दुकानाचं नाव हवं असतं आणि मी डॉक्टरसारखा लक्षणं विचारत बसतो.

सव्वीस वर्षं मी किराणा मालाचा बायर होतो. हा काय धंदा आहे, हे माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांना कुणाला समजावता आलं नाही. "मोठ्या दुकानांसाठी डाळ-तांदूळ खरेदी करतो" म्हटलं की मुलीकडचे विचारायचे, "म्हणजे दुकान स्वतःचं?" तीन वेगवेगळ्या चेनमध्ये नोकऱ्या झाल्या. आम्ही चेन म्हणतो, घरी सगळे मॉलच म्हणतात. वाशीच्या दाणा बाजारात सकाळी गोण्यांत हात घालून माल बघायचा आणि दुपारी ऑफिसात पैशा-पैशावरून भांडायचं, असं आयुष्य गेलं.

त्यातला एक ठरलेला कार्यक्रम म्हणजे सोमवारचा भावफेरा. समोरच्या चेनमध्ये गिऱ्हाईक म्हणून शिरायचं, ट्रॉलीत उगाच एक साबण टाकायचा आणि त्यांचे भाव टिपून आणायचे. मोबाइलमध्ये कॅमेरे नव्हते तेव्हा मी बसच्या तिकिटामागे लिहीत असे. एकदा सिक्युरिटीवाल्याने हटकलं, तर "बायकोने यादी दिलीय" म्हणून सुटलो. त्यांची माणसं आमच्याकडे यायचीच. एकमेकांना ओळखून आम्ही मानही हलवायचो.

या फेऱ्यात आम्ही टिपत काय होतो? शेल्फवर हजारो वस्तू असतात. आम्ही जेमतेम शंभरेक टिपायचो. साखर, तूरडाळ, शेंगदाणे, रोजचं तेल, चहाचं अमुक एक पाकीट, कपड्यांचा अमुक एक साबण. धंद्यात यांना केव्हीआय म्हणतात. म्हणजे ज्यांचे भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ असतात अशा वस्तू. साखर किलोमागे दोन रुपयांनी चढली तर लगेच बोभाटा होतो. पण जिरं, दालचिनी, खारीक, प्लास्टिकचा झाकणाचा डबा यांचा गेल्या महिन्याचा भाव दहा घरांत विचारून बघा. साखर जवळजवळ खरेदीच्या भावात सोडायची आणि ते दुसऱ्या रांगेतून वसूल करायचं, हे सगळ्याच चेनचं गणित. डीमार्टच्या विक्रीतला पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग भांडीकुंडी, चादरी, कपडे अशा मालाचा असतो आणि कमाईचं प्रमाण तिथे डाळ-तांदळापेक्षा बरं असतं. साखरेवरून दुकान स्वस्त ठरवणाऱ्याने बिलात साखरेखालच्या ओळीही वाचाव्यात.

आता पोहे. साधी गोष्ट वाटते, पण माझ्या नोकरीत सर्वांत जास्त वाद मी पोह्यांवरून घातले. कांदेपोह्यांना जाड. चिवड्याला आणि दडप्याला पातळ. त्याहून तलम ते नायलॉन. तळून करायच्या चिवड्याला दगडी पोहे. शिवाय भाजके पोहे, त्यांचा चिवडा वेगळाच. मक्याचे आणखी वेगळे. कोकणात आणि गोव्यात लाल पोहे हवेतच. गोव्यात तर नरकचतुर्दशीला सकाळी घरोघरी पोह्यांचेच पाच प्रकार मांडतात. असं असताना एका चेनमध्ये आमच्या परप्रांतीय कॅटेगरी हेडने फतवा काढला, "पोहा थिक, पोहा थिन, बस." मी दिवाळीचं कारण सांगून महिनाभरासाठी दगडी आणि भाजके आत घुसवले. दिवाळीनंतर उरलेल्या पाकिटांत जाळी धरली, पोरकिडे झाले, आणि तो तोटा माझ्या नावावर पडला.

राग आला होता, पण हिशेब त्याचाच बरोबर होता, हे आज कबूल करतो. सहा प्रकार ठेवले की सहा जागा अडतात, सहा गोदामी नोंदी, सहा वेळा माल मोजायचा, आणि त्यातले चार प्रकार सावकाश खपतात. दोनच ठेवले की त्या दोघांचा खप वाढतो, गिरणीवाला ट्रकभर मालाला वेगळा भाव देतो, माल ताजा राहतो. गिऱ्हाइकाला पाटीवर दिसणारी स्वस्ताई बरीचशी या न ठेवलेल्या चार प्रकारांतून आलेली असते. त्यामुळे "भाव इथे चांगला, पण व्हरायटी तिथे" असं कुणी म्हटलं की मला गंमत वाटते. जणू त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि थोडी खटपट केली तर दोन्ही एकाच छपराखाली मिळतील! पुण्यात कॅम्पातल्या दोराबजींकडे परदेशी चीजपासून सॉसपर्यंत रांगा लागलेल्या असतात. तिथे साखरेचा भाव बघायला कुणी जात नाही.

भावाचा दुसरा मोठा भाग पायाखालच्या फरशीत, म्हणजे दुकानाच्या जागेत असतो. हे मला नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत कळलं नव्हतं.

मुंबईत स्वस्त भावाच्या मोठ्या दुकानांची सुरुवात सहकारातून झाली. १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांनी उभं केलेलं ग्राहक भांडार पुढे अपना बाजार म्हणून वाढलं. आमच्या पिढीला "बाजारभावापेक्षा कमी" हे शब्द तिथे पहिल्यांदा भेटले. याच अपना बाजारची नेरुळची फ्रँचायझी १९९९च्या सुमारास राधाकिशन दमाणींनी चालवून पाहिली. शेअर बाजारातला मुरलेला माणूस; त्यांना ते गणित पटलं नाही आणि त्यांनी स्वतःचं मांडलं. २००२मध्ये पवईला पहिलं डीमार्ट उघडलं. या गणितात दोन गोष्टी होत्या. जागा शक्यतो भाड्याने घ्यायची नाही, विकत घ्यायची. आणि पुरवठादाराचे पैसे आठ-दहा दिवसांत चुकते करायचे. बाजारात महिना-दीड महिना थकवायची रीत असताना रोख पैसे दिसले की कंपनीचा माणूस आपणहून दोन टक्के सोडतो. मी टेबलाच्या या बाजूला बसून तेच दोन टक्के मागत होतो आणि मला मिळत नव्हते, कारण आमच्या अकाउंट्सकडून चेक निघायला पंचेचाळीस दिवस लागत.

दुसरीकडे बिग बझार. २००१ला सुरू झालेलं, भाड्याच्या जागांवर झपाट्याने पसरलेलं. २६ जानेवारी २००६ला त्यांनी 'सबसे सस्ता दिन' काढला तेव्हा गर्दी आवरेना, काही दुकानांची शटरं खाली घ्यावी लागली. माझ्या माहितीत एवढी मोठी जत्रा किराण्याच्या धंद्यात पुन्हा झाली नाही. भाव त्या दिवशी खरोखर कमी होते. पण भाडं रोज द्यायचं असतं. कर्ज वाढलं, कोविडात दुकानं बंद राहिली, भाडी थकली, आणि २०२२मध्ये रिलायन्सने भाडेकरार आपल्याकडे घेतलेली दुकानं ताब्यात घेतली, पाट्या उतरल्या. तुलना करायची तर भावासोबत हेही मोजावं: हा भाव पुढच्या दिवाळीला द्यायला दुकान जागेवर असेल का?

निवृत्तीनंतर मी मित्रांसाठी स्वतः भावतुलना करायला लागलो, आणि पहिल्याच वर्षी तोंडघशी पडलो. चार दुकानांची यादी केली, त्यात लिहिलं "सूर्यफूल तेल, १ पाकीट". एक दुकान आठ रुपयांनी स्वस्त निघालं. मी छातीठोक सांगूनही टाकलं. आमच्या वहिनींनी दोन्ही पिशव्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही जरा बारकी नाही का?" एक ९१० ग्रॅमची होती, म्हणजे एक लिटर. दुसरी ८४०ची. सव्वीस वर्षं बायर आणि वजन वाचलं नाही! एक १५०ची, दुसरी १४२ची. किलोवर काढलं तर पहिली १६५ रुपयांच्या आत आणि दुसरी १६९ला. जी मी स्वस्त म्हणून गाजवली तीच महाग.

पूर्वी ही फसगत अवघड होती. चहा, बिस्किटं, तेल, साबण अशा वस्तू ठरावीक मापांतच बांधायचं बंधन होतं. वजनमापाच्या नियमांतल्या २०२१च्या दुरुस्तीने ते काढलं आणि त्याबदल्यात पाकिटावर युनिट सेल प्राइस, म्हणजे एककाचा भाव, छापायची सक्ती आणली. कल्पना उत्तम. पण किलोच्या आतल्या पाकिटावर हा भाव ग्रॅममागे छापतात, तोही दोन दशांशांपर्यंत. माझ्या त्या दोन पिशव्यांवर तो ०.१६ आणि ०.१७ असा येतो. एका पैशाचा फरक कोण बघणार, तेही चष्मा घरी विसरल्यावर? शिवाय तो एमआरपीवरून काढलेला; दुकानाने दिलेली सूट त्यात नाही. माझ्यासारख्याने मग फोनचा कॅल्क्युलेटर उघडून रांग अडवायची. मी अडवतो.

ॲपवाल्यांची तुलना मी सोडून दिली आहे. सकाळचा भाव संध्याकाळी नसतो, वर हँडलिंगचे पैसे वेगळे, आणि शेजारणीच्या फोनवर कूपन निघतं ते माझ्या फोनवर निघत नाही. दहा मिनिटांत कोथिंबीर हवी असेल तर मागवावी.

यादी आधी की दुकान आधी, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर एकाच ठिकाणी सापडलं: मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटपात. १९७५ला सुरू झालेली संस्था. शेजारची दहा-बारा कुटुंबं संघ करतात, महिन्याचं मागणीपत्र भरतात, सगळ्यांचा माल एकाच्या घरी उतरतो आणि सभासदच तो आपापसांत वाटून घेतात. माझी आत्या कित्येक वर्षं सभासद होती. तिच्या हॉलमध्ये गोणपाटाचा वास आणि "कुणाचे शेंगदाणे राहिले?" असा गलका. शेल्फ नाही, सजावट नाही, आणि गल्ल्याजवळ पोरांना चॉकलेटं दिसत नाहीत. जे लिहिलं तेवढंच येतं. निवड म्हणाल तर बेताची; आंबेमोहोर नेहमीच मनासारखा मिळायचा असं नाही. पण आत्या म्हणायची, "मी लिहिलं नाही ते माझ्या घरात आलं नाही." मी पगार घेत होतो तो नेमका उलट गोष्टीसाठी. तुम्ही न लिहिलेलं तुमच्या ट्रॉलीत कसं पडेल, हे बघणं माझं काम होतं. तूरडाळ दुकानाच्या टोकाला ठेवा, वाटेत बिस्किटं लागली पाहिजेत, हे मीही मीटिंगमध्ये बोललोय.

यंदा वहिनींनी यादी दोन भागांत केली. मैदा, रवा, साखर, तेल, डाळं चेनमधून; पोहे, भाजणीचं सामान आणि आंबेमोहोर कोपऱ्यावरच्या शेठकडून. शेठकडे पोहे किलोमागे थोडे महाग पडतात. पण तुम्ही "पोहे द्या" म्हणालात की ते हात गोणीत घालायच्या आधी विचारतात, "चिवड्याला की कांदेपोह्यांना?" चिवडा म्हटलं तर पुढचा प्रश्न, "तळणार की परतणार?"

परवा संध्याकाळी चेनमध्ये रांगेत उभा होतो. पुढे ओळखीची पाठ. शेठ! ट्रॉलीत तेलाच्या पिशव्या आणि धुण्याच्या पावडरीची पाकिटं. एका बिलावर चारच पिशव्या मिळतात म्हणून मागे त्यांचा मुलगा दुसरी ट्रॉली घेऊन, त्यामागे पुतण्या तिसरी. मला बघून जरा ओशाळले. म्हणाले, "डिस्ट्रिब्यूटरपेक्षा इथे सात रुपये कमी आहे साहेब. काय करणार?" मग आवाज खाली आणून, "वहिनींना सांगू नका हां." आणि माझ्या ट्रॉलीत वाकून बघत, "हे पोहे ठेवून द्या परत. चिवड्याला चालणार नाहीत हे."