रायव्हल कोण?

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने 'रायव्हल' हा शब्द इतक्यांदा वापरला की शेवटी मी गुपचूप त्याची व्युत्पत्तीच शोधत बसलो. (मीटिंगमध्ये माझं किती लक्ष असतं, ते कळलं असेलच!)

मूळ शब्द लॅटिन, रीव्हालिस. रीव्हुस म्हणजे ओढा, पाट. एकाच पाटातून पाणी घेणारे ते रीव्हालिस. रोमन कायदेपंडित उल्पियनने पाण्याच्या तंट्यांबद्दल लिहिताना हाच अर्थ दिलाय. म्हणजे चक्क शेजारी! गंमत म्हणजे 'रिव्हर' हा याचा भाऊ वाटतो, पण तो नाही. तो 'काठ' या अर्थाच्या रीपावरून आला.

शेजाऱ्याचा शत्रू कसा झाला म्हणून हसू नका. आपले भाऊबंद म्हणजे नातलग, आणि भाऊबंदकी म्हणजे बांधावरची भांडणं. ज्याच्याशी वाटा असतो त्याच्याशीच वाद.

शनिवारी डहाणू तालुक्यात कासाला मामाकडे गेलो. सूर्या नदी तिथून जवळच, पण मामाची विहीर मेमध्ये तळ गाठते. जेवताना त्याने सहज विचारलं, "विरारला पाणी येतं का रे रोज?"

"येतं की."

"बरंय. आमचंच येतं ते." मामा हसला. मामी नाही हसली.

खरंच आहे ते. सूर्येवरचं धामणी धरण मुळात डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीसाठी बांधलेलं. पुढे पाणी शहरांकडे वळलं. एमएमआरडीएची योजनाच रोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे. त्यात १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. इथल्या आदिवासी संघटनांनी याला विरोध केला, मोर्चे काढले. शहरालाही तहान आहेच, ते मी नाकारत नाही. मीही त्यातलाच एक.

पण रोमन शेतकरी एकमेकांना पाटावर दिसत तरी होते. पाणी कोणी वळवलं ते कळायचं, भांडायला समोर माणूस असायचा. पाइपलाइनच्या या टोकाला आमच्या सोसायटीत टँकरचे दर सगळ्यांना पाठ आहेत, धामणी मात्र कुणाला ठाऊक नाही. आपण कुणाचे तरी रायव्हल आहोत हेच आम्हाला माहीत नाही.

रविवारी रात्री घरी आलो, पाय धुवायला नळ सोडला. मग मामाला फोन केला, "पोचलो."

"पाणी आहे ना?" त्याने विचारलं.

या वेळी हो म्हणायला जरा वेळ लागला.